चपट्या पिनेचा ॲम्प

१

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं नाही तोच कल्पिता रिक्षातून उतरली आणि तिनं तो ॲम्प माझ्या काउंटरवर आदळला. आदळलाच म्हणते मी. अठरा किलोचं धूड. जळक्या वार्निशचा वास पार शेजारच्या पोळीभाजी केंद्रापर्यंत गेला.

"आत्या, तुझ्या डब्यानं माझा ॲम्प खाल्ला." डोळे रडून सुजलेले.

मी नीला केणी. डोंबिवली पूर्वेला माझं मोटर आणि ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याआधी सव्वीस वर्षं वीज कंपनीत मीटर तपासायच्या टेबलावर काढली. माझ्या कामाला आजवर कोणी बोट दाखवलेलं नाही. आणि ही चोवीस वर्षांची पोर, माझ्या चुलतभावाची मुलगी, भर रस्त्यात म्हणते डब्यानं खाल्ला! माझं डोकंच फिरलं.

हा डबा काय ते सांगते. कल्पिताचा गिटारचा ॲम्प अमेरिकेतून आलेला. तिकडे घरातली वीज एकशे वीस व्होल्टची, आपली दोनशे तीसची. तो इथल्या बोर्डात खुपसला की दुप्पट वीज पोटात जाते आणि आतलं वाइंडिंग भाजून निघतं. म्हणून मी मधे ठेवायला लोखंडी डबा करून दिला. एका बाजूनं दोनशे तीस आत, दुसऱ्या बाजूनं एकशे वीस बाहेर. ॲम्पची पिन चपटी, म्हणून डब्याला सॉकेटही चपट्या पिनेचंच बसवलं.

शनिवारी कळव्याच्या गावठाणात कल्पिताच्या भावाची, विकीची हळद होती. पाच वाजता मी स्वतः जाऊन पिन डब्यात बसवली, ॲम्प वाजवून बघितला. माझ्या म्हाताऱ्या आवडाआत्यानं डब्याला कोरडं हळद-कुंकू लावलं, "यो काय करतंय गं?" म्हणून विचारलं, ते तिला समजावलं, नारळ फुटला. एका दवाखान्याचा स्टॅबिलायझर अडकला होता म्हणून मी लगेच डोंबिवलीला परतले. थांबले नाही म्हणून काळूकाका, म्हणजे विकी-कल्पिताचा आजोबा, अजून फुगून आहे. गावची बँजो पार्टी त्याचीच, कल्पिता तिच्यात गिटार वाजवते.

सात वाजता कल्पितानं ॲम्प चालू केला आणि अर्ध्या मिनिटात धूर.

"पिन कुठे होती तेव्हा?" मी विचारलं.

"डब्यातच! मी टॉर्च मारून बघितलं ना. सगळ्यांनी बघितलं. मग मीच ती काढली आणि ॲम्प आत नेऊन ठेवला."

मी डबा उचलला, मेनला लावला, मीटर जोडलं. एकशे एकवीस. अर्धा तास चालू ठेवला. एकशे एकवीस. डबा ठणठणीत होता, गरमसुद्धा झाला नाही.

मग ॲम्पच्या मागची फ्यूजची टोपी फिरवली. आत फ्यूज होता, पण त्याच्यावर तांब्याच्या तारेचे तीन वेढे होते. असं केलं की फ्यूज जळूच शकत नाही, कितीही वीज आली तरी.

"हे कोणी केलं?" मी ओरडले. "मी नाही," कल्पिता म्हणाली.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. स्टॅबिलायझर परत पाठवा म्हणाले, दुरुस्त झाला नसला तरी चालेल. त्यांनी व्हिडिओ बघितला होता.

२

व्हिडिओ दिवा स्टेशनजवळच्या मितेशचा. त्याचंही साउंडचं आणि रिपेअरिंगचं दुकान आहे. हळदीला स्पीकर, मिक्सर, वायरिंग त्याचंच. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या वाजंत्र्यांच्या ग्रुपवर त्यानं धूर टाकला आणि खाली लिहिलं, "नीलाताईंच्या डब्याची कमाल". दोन दिवसांत तिघं माल परत घेऊन गेले. एकानं तर किचनच्या मिक्सरची मोटर अर्धी उघडलेली तशीच पिशवीत घातली.

माझं नाव हीच माझी पाटी. ते गेलं तर शटर वर करून मी तिथे काय माशा मारू? मनाशी म्हटलं, ज्यानं हे केलं त्याला त्याच मांडवातल्या माणसांसमोर उभा करीन आणि त्याच्या तोंडून वदवून घेईन. आणि खरं सांगते, तो मितेशच असावा अशी माझी फार इच्छा होती.

मंगळवारी दुपारी दिव्याला गेले. मितेश पाण्याच्या टँकरची वाट बघत दुकानासमोर ड्रम मांडून बसला होता.

"या ताई. नवीन डबा विकायला आणला काय?"

"तोंड सांभाळ. पिन कोणी काढली ते विचारायला आले."

"कसली पिन?"

"डबा चांगला आहे. म्हणजे धूर निघाला तेव्हा ॲम्पची पिन डब्यात नव्हती, तुझ्या बोर्डात होती. डब्याच्या बाजूलाच तुझं एक्स्टेन्शन होतं. त्या बोर्डाला गोल, चपटी, कुठलीही पिन बसते. कोणीतरी पिन काढून तिथे घातली आणि धूर झाल्यावर गुपचूप परत डब्यात बसवली. नाव माझं जावं म्हणून."

तो हसायचा थांबला. "आणि तो मी? दिमाग ठिकाने पे है ना ताई? मी समोर मिक्सरवर होतो, मोबाईल हातात. धूर दिसल्या दिसल्या मेन पाडायला पळालो. मेन कुठे आहे माहितीये ना? गल्लीच्या तोंडाला, खांबाजवळ. अंधार झाला, पोरंबाळं बोंबलत होती. मी परत यायच्या आधीच कल्पितानं टॉर्च मारलेला. तेव्हा पिन डब्यात होती. विचारा तिला."

विचारलं. तिथूनच फोन लावला. कल्पिता म्हणाली, "हो आत्या, मितेशदादा नंतर आला. आधी मी बघितलं."

म्हणजे मेन पडल्यापासून टॉर्च लागेपर्यंतच्या अंधारात पिन परत गेली, आणि मितेश तेव्हा गल्लीत होता. माझा जीव नुसता जळला. ज्याला धरायचं तोच हातातून निसटला.

"आणि फ्यूजला तार कोणी बांधली?" मी जाता जाता विचारलं.

"ते मला काय विचारता? घरच्या नवरदेवाला विचारा," मितेश म्हणाला आणि टँकर आला म्हणून पळाला.

३

तिथून तशीच कळव्याला गेले. विकीच्या हाताची मेंदी अजून उतरली नव्हती. मला बघून तो बायकोच्या मागे सरकला, तेव्हाच मी ओळखलं.

"बुधवारी प्रॅक्टिसला फ्यूज गेलेला आत्या. दुकानं बंद होती. मी म्हटलं तार बांधू, चालून जाईल. घरी नाय का आपण बांधत?"

"घरी बांधतोस ते शहाणपण आहे होय रे? फ्यूज नीट असता तर तो जळला असता आणि ॲम्प वाचला असता. बहिणीनं दोन वर्षं शिकवण्या घेऊन आणलेला ॲम्प तू तीन वेढ्यांत मारलास." पाठीत एक धपाटा घातला. नवा नवरा असला म्हणून काय झालं.

पण पिन त्यानं हलवली नव्हती. तो साडेसहापासून पाटावर बसलेला, भोवती दहा बायका.

उरला स्वानंद. अमेरिकेतून डोंबिवलीला परत आलेला, गिटार वाजवणारा. कल्पितानं हा ॲम्प त्याच्याकडून घेतलेला, आणि विकल्यापासून तो हळहळत होता. परत मागायला दोनदा तिच्या घरी गेला होता. बुधवारी तो स्वतःच माझ्या दुकानात आला.

"नीलाताई, मेला का हो तो पूर्ण?"

"तुम्ही सांगा. शनिवारी सात वाजता कुठे होतात?"

"तुमचा माझ्यावर संशय आहे?" तो दुखावला. "मी पावणेआठला पोचलो. तेव्हा मेन बंदच होतं, सगळे मेणबत्त्या लावून बसले होते. काळुरामजींनीच, तुमच्या काकांनी, मला गल्लीच्या तोंडावरून आत आणलं. त्यांना विचारा."

तेही खरं निघालं. तीन संशयित, तिघंही गेले. स्वानंद मात्र ॲम्पची वायर हातात घेऊन बसला, तान्ह्या पोराचा हात धरावा तशी.

"हे पिवळं काय आहे?" त्यानं विचारलं.

प्लगच्या तोंडावर, दोन चपट्या पिनांच्या मधे, ओल्या हळदीचा वाळलेला बोटभर डाग होता.

"हळदीच्या मांडवात पिवळं नसेल तर काय निळं असेल?" मी खेकसले. "तिथे झाडून सगळ्यांचे हात पिवळे असतात. भिंती, खुर्च्या, कुत्रीसुद्धा पिवळी होतात."

तो उठून गेला. मी वाइंडिंगचं काम पुढे ओढलं. हातानं चारशे वेढे घातले असतील, आणि एकदम थांबले. तो डाग प्लगच्या तोंडावर होता. पिन सॉकेटमध्ये असली की प्लगचं तोंड डब्याला चिकटलेलं असतं, तिथे कोणाचं बोट पोचतच नाही. मी पाच वाजता बसवली तेव्हा प्लग कोरा होता आणि डब्याला लागली ती कोरडी हळद. धूर झाल्यावर तर कल्पितानं ॲम्प लगेच आत नेला होता, म्हणजे त्याआधीच, पिन बाहेर असताना ओल्या हळदीचा हात तिला लागला होता.

आणि मग मितेशचा तो व्हिडिओ मी पहिल्यांदा राग बाजूला ठेवून बघितला.

४

व्हिडिओत धूर निघतो आहे. विकी पाटावर बसलेला आहे, गाल कोरेच. बायकांच्या साड्यांवर ठिपका नाही. कल्पिताचा पांढरा कुडता पांढराच. काळूकाकाची टोपी स्वच्छ.

हळद लागायलाच लागली नव्हती!

आमच्याकडे आधी देवाला हळद, मग नवऱ्याला, मग गावाला. सात वाजता देवाचंच चाललं होतं. त्या घटकेला अख्ख्या मांडवात ओल्या हळदीचे हात एकाच माणसाचे होते. देवाची हळद कालवून ती देवाला लावणाऱ्या माणसाचे. व्हिडिओच्या कोपऱ्यात ती दिसतही होती. डब्यापासून दोन हातांवर बसलेली, नऊवारीतली, तोंड मिटलेली.

आवडाआत्या.

काळूकाकाची थोरली बहीण, माझी सख्खी आत्या, गावची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात देवापासून वरातीपर्यंत धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते ती धवलारीण. माझं लग्न तिनंच लावलं. बापानं मला आठवीनंतर मिठागरावर पाठवायचं ठरवलं होतं, तेव्हा बापाशी भांडून मला शाळेत ठेवली तीही हीच. तिला तर मी साठ वर्षांची झाले तरी घाबरते.

गुरुवारी सकाळी कळव्याला गेले. ती ओटीवर बोंबील निवडत होती.

"आत्या, पिन तू काढलीस."

तिनं मान वर केली नाही. "इतक्या दिसांनी कललं तुना?"

माझ्या अंगाची आग झाली. "लाज नाही वाटत? पाच दिवस माझं नाव गटारात पडलंय! गिऱ्हाइकं पळाली. मी दिव्यापर्यंत उन्हात तंगड्या तोडत फिरले. आणि तू इथे बसून बघत होतीस?"

"बगत व्हती. मितेशला इचारलंस, विकीला इचारलंस, त्या डोंबिवलीच्या बामनाच्या पोरालाही इचारलंस. मंगळवारी माज्या दारावरनं गेलीस. मना इचारलंस?"

मी पर्स ओटीवर ठेवली.

"कोनीच नाय इचारलं. म्हातारीला काय कलतंय म्हनून." तिनं बोंबील टोपलीत फेकला. "चार लग्नं जाली नीले. मी धवला धरला की काळू बँजो चालू करतंय. माज्या भावाच्याच नातवाची हलद. देवाला हलद चढवतंय मी, धवला अर्ध्यावर, आनि ती कल्पी सांगते, आजी, दोन मिन्टांत उरक. दोन मिन्टांत! देवाला काय रिक्षात बसवून आनलाय?"

"म्हणून ॲम्प जाळायचा?"

"तूच बोललीस ना, ही पिन बोर्डात गेली की खलास. मी तवाच ध्यानात ठेवलं. तिनं उरक म्हनलं आनि ती गिटार घ्यायला वलली, तवा काढली नि घातली."

"बरं, जाळलास. मग परत डब्यात का बसवलीस? माझ्यावर का ढकललंस?"

आता तिनं माझ्याकडे बघितलं. "कारन डबा तुजा. तुज्या बापासंगती मी तीन म्हैने बोलली नाय, तुना शिकवायची म्हनून. आनि शिकून तू काय केलंस? माजा गला दाबायला त्यांना डबा करून दिलास. काळूचा राग व्हता मना, पन तुजा जास्त व्हता."

खाली बसले मी. राग होताच, तो कुठे जातोय. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी खुपत होतं. डबा करताना तिचा धवला माझ्या ध्यानीमनीही नव्हता.

"मी सगळ्यांसमोर सांगणार आहे," मी म्हणाले. "शपथ घातलीय स्वतःला."

"सांग की. कोन ऐकतंय ते बगू."

५

दोन रात्री आणि दोन दिवस खपून मी ॲम्पचं वाइंडिंग पुरं केलं, नवा फ्यूज टाकला आणि रविवारी सकाळी सगळ्यांना काळूकाकाच्या अंगणात बोलावलं. मितेश आला, स्वानंद आला, भावकी आली. विकी आणि त्याची बायको ओटीवर. अंगणात मितेशचंच एक्स्टेन्शन, शेजारी माझा डबा, पिन डब्यात. आवडाआत्या खांबाला टेकून बसली होती.

मी एकेक करून सांगितलं. डबा एकशे एकवीस दाखवतो ते मीटर लावून दाखवलं. फ्यूजची तार दाखवली, विकीनं मान खाली घातली. मितेश का नाही, स्वानंद का नाही. प्लगच्या तोंडावरचा डाग. व्हिडिओतले कोरे गाल. सगळे पुढे सरकून ऐकत होते.

"सात वाजता ओल्या हळदीचे हात एकीचेच होते," मी म्हणाले. "आवडाआत्याचे."

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. मग मितेश फिस्सकन हसला आणि अख्खं अंगण हसायला लागलं.

"काय पन नीले!" काळूकाका डोळे पुसत होता. "आवडीला रिमोटवरनं टीवी लावता येत नाय. आनि ही ॲम्प जालनार? सवताचं वाचवायला म्हातारीवर घातलंस व्हय?"

"नीलाताई, सॉरी बोला आणि विषय संपवा," मितेश म्हणाला. "डबा ढिला होता, बस."

कल्पितासुद्धा माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. माझ्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. सगळं बरोबर जुळवून सांगितलं, आणि माझं नाव पहिल्यापेक्षा खाली गेलं.

आवडाआत्या उठली. गुडघ्यावर हात देत, सावकाश, कोणाकडे न बघता डब्यापाशी आली. चपटी पिन धरून ओढली. एका झटक्यात निघाली, माझ्या हातूनही तशी निघत नाही. शेजारच्या बोर्डात खुपसली, बोर्डाचं बटण दाबलं आणि ॲम्पचं बटण वर केलं.

हसणं थांबलं. कल्पिता किंचाळली, "आजी, नको!"

बोर्डाचं बटण माझ्या हातापासून वीतभर होतं. मी हात हलवला नाही.

टप्पकन आवाज झाला आणि ॲम्पचा लाल दिवा विझला. वास आला नाही, धूर आला नाही. मी घातलेला फ्यूज मापाचा होता, त्यानं आपलं काम केलं.

"हे असं केलं मी," आवडाआत्या म्हणाली. "आनि मंग काळोखात परत डब्यात घातली. नीलीच्या डब्यात खोट नाय. हसा आता."

मितेशनं मोबाईल खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला, आणि माझ्याकडे न बघता ग्रुपवरचा व्हिडिओ काढून टाकायला लागला.

"नुसता काढू नकोस," मी म्हणाले. "डब्यात खोट नव्हती असं लिही. माझ्या नावानिशी."

त्यानं लिहिलं. मी वाचून घेतलं.

काळूकाकाचा चेहरा पार उतरला होता. "आवडे, मना सांगायचंस गं. सगल्यांसमोर कनाला?"

"चार लग्नं सांगितलं. तुजा बँजो वाजत व्हता."

त्यानं टोपी काढून परत घातली. मग नेहमीचा बाप्या होऊन म्हणाला, "बरं, जालं ते जालं. नीले, दुसरा फ्यूज टाक. पोरीला वाजवून बगू दे."

दुसरा फ्यूज माझ्या पर्समध्ये होता. कल्पितानं हात पुढे केला.

"टाकते," मी म्हणाले. "आत्याचं शनिवारचं अर्धं राहिलंय, ते आधी होऊ दे."

आवडाआत्यानं मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. माफ केलं असं काही तिच्या तोंडावर दिसलं नाही, आणि मीही तिला केलेलं नव्हतं. ती खांबाला टेकून बसली, पदर नीट केला आणि जिथे तोडलं होतं तिथून धवला धरला. आवाज चिरका झालाय आता तिचा. मधेच दम लागतो, मग ती थांबते, आणि पुन्हा घेते.

पाऊण तास लागला. मितेशला दिव्याला दुसरं काम होतं, काळूकाकाची तंबाखू संपली होती, विकीच्या बायकोला माहेरचा फोन येत होता. पण कोणी उठलं नाही. अंगणाला दार एकच आहे, आणि त्यात मी खुर्ची टाकून बसले होते.